जाहिरात, पुरावा आणि हातबंब : व्हान डर हेयडनचं पुस्तक कसं वाचावं

सिनॉप्सिस लिहायला घेतला की बहुतेक जण आधी 'पूर्वसंशोधनाचा आढावा' उरकून टाकतात. तो उरकण्याची ठरलेली रीत म्हणजे नावांची रांग लावणं. अमुकने हे शोधलं, तमुकने त्यात सुधारणा केली, मग तिसरा आला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात तर ही रांग इतकी सोयीची असते की तिच्यावर शंका घ्यावी असं वाटतच नाही.

आग विझवण्याच्या हातबंबाचंच बघा. कुठल्याही सर्वसाधारण लेखात रांग साधारण अशी असते: इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा क्टेसिबिअस, ज्याच्या दोन नळकांड्यांच्या पंपाचं वर्णन व्हिट्रुव्हिअस करतो. मग हेरॉन. मग एकदम दीड हजार वर्षांची उडी आणि १६५० च्या दशकातला न्यूरेंबर्गचा हान्स हाउच. मग आम्स्टरडॅमचा यान व्हान डर हेयडन, लंडनचा रिचर्ड न्यूशॅम, आणि शेवटी मेरीवेदर, शँड मेसन वगैरे कारखानदार. ही रांग खोटी नाही. पण ती कोणी लावली आणि कुठल्या कागदांवरून लावली, हे विचारलं की तिचा रंग बदलतो.

या लेखात त्या रांगेतलं एकच पुस्तक घेऊन त्याची चिकित्सा करायची आहे. व्हान डर हेयडनने मुलाबरोबर १६९० साली आम्स्टरडॅममध्ये स्वतःच्या बंबावर एक मोठं सचित्र पुस्तक काढलं. आगीच्या बंबावरचं हे पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक. आणि त्याचा लेखक बंब विकणारा माणूस आहे. भिवंडीत बसून तीनशे वर्षांपूर्वीचं डच पुस्तक कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर पुढे येईलच.

आधी यंत्र समजून घेऊ

हातबंब म्हणजे चाकांवरची किंवा दांड्यांवर उचलायची एक टाकी. टाकीत दोन उभी नळकांडी, त्यांत दट्टे. वर एक आडवी तरफ, तराजूच्या दांडीसारखी. एका बाजूच्या माणसांनी दांडा खाली दाबला की एक दट्टा पाणी ढकलतो, दुसरा पाणी ओढून घेतो. मग दुसऱ्या बाजूची पाळी. झडपांमुळे पाणी उलट फिरत नाही. दोन नळकांड्यांनी धार बरीच अखंड होते, तरी ठोके राहतातच. म्हणून पुढे मधे एक बंद हवेचा कोठा आला. पाणी आत शिरताना हवा दाबली जाते, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तीच हवा पाण्याला रेटत राहते.

व्हान डर हेयडनच्या आधी आम्स्टरडॅममध्ये जे बंब होते, त्यांना वर वळणारं एक ताठ तोंड असे. टाकी बादल्यांनी भरायची आणि बंब आगीच्या अगदी जवळ न्यायचा. धार जिथवर पोचेल तिथवर, म्हणजे बहुधा भिंतीवर आणि खिडकीत. १६७० च्या दशकाच्या सुरुवातीला यान आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी शिवलेल्या चामड्याची लवचिक नळी बंबाला जोडली. त्याने दोन गोष्टी साधल्या. नळीचं तोंड हातात धरून माणूस घरात शिरू शकला. आणि कालव्यातून पाणी थेट बंबापर्यंत आणायची सोय झाली, बादल्यांची माळ लावावी लागेना. १६७३ साली शहराने बंबांची देखरेख या भावांकडे सोपवली आणि १६७७ साली यानला सरकारी पेटंट मिळालं.

हे सगळं एका चित्रकाराने केलं. यान (१६३७–१७१२) हा शहरदृश्यांचा नावाजलेला चित्रकार. आम्स्टरडॅमच्या रस्त्यांवरची दिवाबत्तीही त्यानेच आखली. १६९० च्या पुस्तकाची ताकद यातूनच येते.

पुस्तकाचं बळ

आधी श्रेय देऊ. चिकित्सा म्हणजे केवळ चुका काढणं, हा आपल्याकडचा एक मोठा गैरसमज आहे.

या पुस्तकात तीन गोष्टी पक्क्या आहेत. पहिली, तो आगीचं वर्णन करतो. कुठे लागली, कशी पसरली, बंब कुठे उभे केले, काय वाचलं. आगीनंतर राखेचं वर्णन करणारे पुष्कळ होते, आग चालू असताना पाण्याचा मार्ग नोंदवणारे थोडे. दुसरी, तो एक सिद्धांत मांडतो आणि तो तपासता येण्यासारखा आहे: पाणी ज्वाळेवर टाकून उपयोग नाही, ते आगीच्या मुळाशी पोचलं पाहिजे. तिसरी, तो आकडे देतो. जुन्या बंबांच्या काळातल्या मोठ्या आगींत दहा लाखांहून जास्त गिल्डरचं नुकसान. नवे बंब आल्यावर १६८२ ते १६८७ या पाच वर्षांत चाळीस आगी आणि नुकसान अठरा हजार गिल्डरच्या आसपास.

सतराव्या शतकात 'आधी–नंतर' अशी तुलना पैशात मांडणं ही लहान गोष्ट नाही. आजही कितीतरी प्रकल्प-अहवालांत एवढंही नसतं.

आता आकडे उलगडू

पण याच आकड्यांपाशी थांबायला हवं. पुढच्या लेखकांनी ते जसेच्या तसे उचलले. गटिंगेनचा प्राध्यापक योहान बेकमन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधांच्या इतिहासावर मोठं काम केलं, त्यात बंबांवर एक प्रकरण आहे. त्याच्यानंतर १८४२ मध्ये थॉमस यूबँक, १८६६ मध्ये चार्ल्स यंग. रांग जी बनली ती अशी, एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर. संदर्भ वाढत गेले, पुरावा मात्र एकच राहिला. हे लक्षात ठेवा: पाच लेखकांनी सांगितलेली गोष्ट पाच वेळा सिद्ध झालेली नसते.

मूळ तुलनेकडे तीन प्रश्न घेऊन जा.

एक: आगी कशा निवडल्या? 'आधी'च्या बाजूला मोठ्या, लोकांच्या लक्षात राहिलेल्या आगी आहेत. 'नंतर'च्या बाजूला पाच वर्षांतल्या चाळीस आगी, म्हणजे त्यांत लहानसहानही आल्या असणार. एका बाजूला सगळ्यात वाईट दिवस आणि दुसऱ्या बाजूला सगळे दिवस ठेवले, तर यंत्र न बदलताही फरक दिसेल.

दोन: या काळात बदललं काय काय? फक्त बंब नव्हे. बंबांची देखरेख एका हाताखाली आली, माणसांना नेमून दिलेलं काम आलं. नवी नळी जुन्याच गोंधळाच्या हातात दिली असती तर काय झालं असतं? पुस्तक हे विचारत नाही, कारण लेखकाला नळी विकायची आहे. गंमत म्हणजे देखरेखही त्याचीच होती, तिचं श्रेयही त्यालाच मिळालं असतं. पण देखरेखीचं पेटंट काढून ती दुसऱ्या शहराला विकता येत नाही, बंब विकता येतो.

तीन: मोजणारा कोण? शहराच्या बंबांचा प्रमुख, पेटंटधारक, कारखानदार आणि लेखक हे चारही एकच. म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत ते 'निर्मात्याचा दावा' या खणात ठेवायचे, 'निष्कर्ष' या खणात नाही. प्रबंधात हा भेद एका क्रियापदाने करता येतो. 'नुकसान कमी झालं' असं न लिहिता 'नुकसान कमी झाल्याचं व्हान डर हेयडन सांगतो' असं लिहा. व्हायवामध्ये हे एक क्रियापद तुम्हाला वाचवतं.

चित्रांचंही तसंच. चित्रकार असल्याने त्याने जुन्या आणि नव्या बंबांची तुलना डोळ्यांना पटेल अशी कोरून घेतली. जुने बंब गर्दीत, बादल्यांच्या धांदलीत, नवे बंब शिस्तीत. चित्रांतला यंत्राचा तपशील विश्वासाचा आहे, कारण तो चुकला असता तर गिऱ्हाईक हसलं असतं. गर्दीचं चित्रण मात्र युक्तिवादाचा भाग आहे. एकाच चित्रातल्या दोन गोष्टींना वेगवेगळं वजन देता येणं, हेच साधन-चिकित्सेचं काम.

उरलेली रांग

पुस्तक काढणारा निर्माता इतिहासात मोठा दिसतो, गुपित ठेवणारा पुसट होतो. हाउचचा बंब पाहून जेझुइट पंडित कास्पर शॉटने त्याचं वर्णन केलं, पण हाउचने त्याला आतली रचना दाखवली नाही. त्यामुळे त्या बंबात नेमकं काय होतं यावर पुढच्यांना तर्कच करावा लागला. न्यूशॅमचं उलट. हा लंडनचा बटणं बनवणारा. १७२१ आणि १७२५ साली त्याने पेटंटं घेतली, जाहिराती काढल्या, १७३१ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याचे दोन बंब मागवले. १७४३ मध्ये तो वारला आणि दुसऱ्याच वर्षी डेझाग्युलिएच्या प्रयोग-भौतिकीच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्याच्या बंबाचं कौतुकाने वर्णन आलं: बाजूच्या दांड्यांवर हात चालतात, शिवाय वर उभी राहिलेली माणसं पायाने तुडवून शरीराचं वजन कामाला लावतात. चांगली कल्पना होती यात शंका नाही. पण न्यूशॅम आपल्याला 'महत्त्वाचा' वाटतो त्यात बंबाचा वाटा किती आणि कागदाचा किती, हा प्रश्न उरतोच. १८८४ मध्ये जे. सी. मेरीवेदर यांनी मोठ्या हवेल्यांच्या अग्निसंरक्षणावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही लेखक बंबांचा कारखानदारच होता. दोनशे वर्षांत ही रीत बदलली नाही.

दावा तपासायचा कसा? एक हिशोब

कागद नसला तरी दावा तपासता येतो. बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

हाउचच्या बंबाबद्दल नेहमी दिला जाणारा तपशील असा: अठ्ठावीस माणसं, एक इंच जाडीची धार, ऐंशी फूट उंची. न्यूरेंबर्गचा इंच आणि फूट थोडे वेगळे असतील, अंदाजापुरते आजचेच धरू. ऐंशी फूट म्हणजे सुमारे २४ मीटर. तेवढं उंच जायला पाणी तोंडातून सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने सुटलं पाहिजे. एक इंच व्यासाच्या तोंडातून या वेगाने सेकंदाला ११ लिटर पाणी जातं. एक लिटर पाणी २४ मीटर चढवायला साधारण २३५ जूल ऊर्जा लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे २६०० जूल, अर्थात २६०० वॅट. भागिले अठ्ठावीस, माणशी जवळजवळ ९३ वॅट. हे झालं काहीही वाया न जाता. झडपा, गळती, हवेचा अडथळा धरून निम्मी ऊर्जा वाया गेली, तर माणशी १८५ वॅट.

धट्टाकट्टा माणूस दिवसभराच्या कामात साधारण ७५ वॅट देतो. काही मिनिटं जीव तोडून १८५ वॅट देता येतात, तासभर नाही. म्हणजे दावा अशक्य नाही, पण तो प्रात्यक्षिकाचा दावा आहे. रात्रभराच्या आगीचा नाही.

आता दुसरा आकडा बघा. सेकंदाला ११ लिटर म्हणजे मिनिटाला ६६० लिटर. दहा लिटरची बादली धरली तर मिनिटाला ६६ बादल्या, सेकंदाला एकीहून जास्त. बादल्यांची माळ हा वेग किती वेळ टिकवेल? इथे कळतं की हातबंबाची खरी अडचण दट्ट्यात नव्हती. ती टाकी भरण्यात आणि माणसं बदलण्यात होती. आणि इथेच व्हान डर हेयडनला पुन्हा श्रेय द्यावं लागतं: कालव्यातून पाणी आणायची सोय ही त्याची कमी गाजलेली पण कदाचित जास्त मोलाची गोष्ट. नळी चित्रात छान दिसते, म्हणून नळीचं नाव झालं.

माणसांचा हिशोब लंडनमध्ये पैशात दिसतो. एकोणिसाव्या शतकात तिथे बंब हाणायला रस्त्यावरची माणसं घेत. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स, वर बिअर. हातबंबाच्या इतिहासात या माणसांची रांग कुठेच नाही. ती सापडते खर्चाच्या वहीत.

मग भिवंडी?

आता आपल्याकडे येऊ. इथे बंब बनवणाऱ्यांची रांग शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. त्यावरून 'आपल्याकडे इतिहासच नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणजे निर्मात्याच्या चष्म्यातून बघणं. आगीचा इतिहास आहेच. १७ फेब्रुवारी १८०३ ला मुंबईच्या कोटातली मोठी वस्ती जळाली. १८२८ मध्ये पुण्याचा शनिवारवाडा जळाला. १८३७ मध्ये सुरतेत हजारो घरं गेली. मुंबईत १८५५ पासून घोड्यांनी ओढायचे बंब पोलिसांच्या ताब्यात होते. १८८८ च्या कायद्याने आग विझवणं महापालिकेकडे आलं, आणि १८९० मध्ये लंडन फायर ब्रिगेडमधले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून आले. मधे १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. माझ्या मते बंबांच्या दृष्टीने या सगळ्या तारखांत १८६० ची तारीख सर्वांत महत्त्वाची, आणि ती बंबांच्या यादीत कधीच नसते.

भिवंडीत नगरपालिका आली १८६५ मध्ये. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात आग विझवणं आणि आगीत जीवित-मालमत्तेचं रक्षण करणं हे नगरपालिकेच्या बंधनकारक कामांत घातलं. कामवारी नदी, वऱ्हाळा तलाव, विहिरी, दाट वस्ती, माग आणि सूत. या गावासाठी 'बंब कोणी बनवला' हा प्रश्न सोडा. 'पाणी आणि बंब यांच्यातलं अंतर कोण भरून काढत होतं' हा प्रश्न घ्या. मग नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, अंदाजपत्रकं, विहिरींच्या दुरुस्तीचे ठराव, पखालींवरचा खर्च हे सगळं एकाएकी साधन बनतं.

शब्दही साधन असतात, पण जपून. 'बंब' हा पोर्तुगीज 'बोम्बा'वरून आला, 'पिंप' हा 'पीपा'वरून, 'बादली' ही 'बाल्दे'वरून. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचं दालगादो या गोमंतकीय पंडिताचं काम १९१३ मध्ये आलं, ते जरूर चाळा. आग विझवायची तिन्ही हत्यारं पोर्तुगीज, हे बघून 'आगीचा बंब पोर्तुगीजांनी आणला' असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. 'बोम्बा' म्हणजे नुसता पंप, आणि पंप जहाजावरही असतो, तळाचं पाणी उपसायला. शिवाय मराठीत बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडंही. शब्दाचा पूर्वज सापडला म्हणजे यंत्राचा पूर्वज सापडला असं होत नाही.

आणि हा प्रश्न नुसता जुना नाही. आज भिवंडीत यंत्रमागाच्या गाळ्याला किंवा हायवेकडच्या गोदामाला आग लागली की बातमीत पहिला आकडा बंबांचा असतो: इतके बंब घटनास्थळी. पाणी कुठून भरून आणलं, किती फेऱ्या झाल्या, गल्लीत बंब शिरला का, हे शेवटच्या ओळीत किंवा नसतंच. गाव सुरक्षित आहे की नाही हे आपण यंत्रं मोजून ठरवतो, कारण यंत्र विकत घेता येतं आणि त्याचा फोटो निघतो. ही मोजायची सवय १६९० च्या त्या पुस्तकाइतकी जुनी आहे, आणि तिची किंमत आत अडकलेला कामगार मोजतो.

तुमच्यासाठी काम

पुस्तकाबद्दल माझं मत सांगतो. व्हान डर हेयडनचं पुस्तक पक्षपाती आहे आणि तरी ते त्याच्या विषयातल्या उत्तम साधनांपैकी एक आहे. पक्षपाती साधन टाकून द्यायचं नसतं. त्याचा पक्ष कुठला हे ठरवून, त्या पक्षाला गैरसोयीचं असूनही त्यात जे आलंय ते आधी उचलायचं, आणि सोयीचं जे आहे त्याला दुसरा साक्षीदार शोधायचा.

तुमच्या विषयात अशी एक 'पहिला कोण' छापाची रांग नक्की असेल. यंत्रमाग असो, छापखाना असो की एखादी शासकीय योजना. त्यातलं एक नाव निवडा आणि एका पानावर चार गोष्टी लिहा: हे नाव आपल्यापर्यंत कुठल्या कागदाने आलं, तो कागद कोणाच्या फायद्याचा होता, त्यातला एक दावा साध्या आकडेमोडीने टिकतो का, आणि त्या कामात ज्यांचे हात लागले त्यांची नोंद कुठल्या वहीत सापडेल. हे पान आढाव्याच्या प्रकरणात जसंच्या तसं घालता येतं. गाईडला दाखवा, आणि चौथ्या मुद्द्यावर त्यांनी काय विचारलं ते लिहून ठेवा. बरेचदा प्रबंधाचा खरा प्रश्न तिथेच असतो.